तंबाखूची झोळी

एकदा एक वृद्ध वैद्य भर बाजारात तंबाखूची भिक्षा मागायला निघाले, आणि मागून चालणाऱ्या त्यांच्या शिष्याला धरणीने पोटात घेतले तर बरे, असे होऊन गेले.

वैद्यांचे वय ऐंशीच्या घरात. साऱ्या पंचक्रोशीत तंबाखूला त्यांच्याएवढा कडवा वैरी नव्हता. दवाखान्याच्या अंगणात कोणी पिंक टाकली, तर ते काही न बोलता बादली घेऊन स्वतः ती धुवायला बसत आणि टाकणारा मेल्याहून मेल्यासारखा होई. असा माणूस खांद्याला झोळी अडकवून दुकानोदुकानी म्हणत होता, "चिमूटभर तंबाखू घाला, माय. असेल तेवढी घाला."

लोक हसणारच. एक कासारीण तर बांगड्यांचा हारा सोडून उठली. "बुवा, आता म्हातारपणी नाद लागला व्हय?"

"लागला बघ," वैद्य म्हणाले आणि झोळी पुढे केली. शिष्य मान खाली घालून आपल्या चपलांकडे बघत राहिला.

याचे कारण आठ दिवसांपूर्वीच्या एका सकाळी घडले होते. त्या दवाखान्यात काही माणसे मागच्या दाराने येत. त्यांच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू होता. सरकारी दवाखान्यातून येणारी रोजची गोळी नेमाने घेतली की तो दबून राहतो आणि माणूस इतरांसारखाच संसार करतो, हे वैद्यांनी त्यांना पटवले होते. गावाला मात्र कोण ते पटवणार? म्हणून मागचे दार.

त्यांत एक गुळाचा व्यापारी होता. पन्नाशीचा, अबोल, पेठेत मान असलेला. गोळीच्या बाबतीत त्याचा नेम देवपूजेसारखा. वेळ झाली की तो दाढेखालची तंबाखू थुंकायचा, खळखळून चूळ भरायचा, भक्तिभावाने गोळी गिळायचा आणि लगेच तंबाखूचा दुसरा बार भरायचा. गोळी चालू आहे तर तंबाखू काय करणार, असा त्याचा भाबडा हिशेब. पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे सताड उघडे टाकावे, त्यातलाच हा प्रकार.

त्या सकाळी शिष्याने त्याला तोंड उघडायला लावले. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. शिष्य नुकताच शिकून आलेला, मनाने चांगला, पण ज्ञान अजून नवे होते आणि नवी चप्पल करकरतेच. मग व्यापारी औषधासाठी इतर रोग्यांसारखा पुढच्या अंगणात थांबला असताना शिष्य सर्वांदेखत ओरडला, "शेठ, तुमच्यासारख्या आजाराच्या माणसानं तंबाखू खायची म्हणजे लाज वाटायला पाहिजे."

अंगणात बाजारपेठेतलीच चार माणसे बसली होती. त्यांतल्या एकाने सहज विचारले, "कसला आजार हो, शेठ?"

व्यापारी कानापर्यंत लाल झाला. तो तडक निघून गेला. महिन्याच्या गोळ्यांची बाटली टेबलावर तशीच राहिली. घरात उरलेल्या गोळ्या आठवड्यापुरत्याही नव्हत्या. दोनदा निरोप धाडला, पण तो आला नाही.

"राग आला असेल त्यांना," शिष्य म्हणाला.

"राग आला असता तर भांडायला तरी आला असता," वैद्य म्हणाले आणि बाजाराच्या दिवशी त्यांनी खुंटीवरची झोळी काढली.

तर अशी मागत मागत वरात गुळाच्या दुकानी पोहोचली. गादीवर व्यापारी आणि त्याचे तीन जुने सोबती बसले होते. त्याच्या तळहातावर तंबाखू मळली जात होती. वैद्यांना बघून त्याचा अंगठा थांबला. तेवढ्यात एक सोबती म्हणालाच, "बुवा, आमच्या शेठला काय झालंय हो? तुमचा डॉक्टर परवा लई तापला म्हणं."

व्यापाऱ्याचा चेहरा राखेसारखा पांढरा पडला.

"हा होय?" वैद्यांनी अंगठ्याने मागे दाखवले. "हा सगळ्यांनाच ओरडतो. परवा मलाच म्हणाला, चहात साखर कमी घ्या."

सगळे हसले. शिष्याने तेही गिळले, कारण त्याला आता सावकाश काहीतरी उमगू लागले होते.

वैद्यांनी झोळी गादीपाशी नेली. "सगळ्या पेठेनं चिमूट चिमूट घातली. शेठ, तुमच्याकडून मला पिशवीसकट पाहिजे, चुन्याच्या डबीसकट. आणि रीत ठाऊक आहे ना? दान केलेलं पुन्हा तोंडात घालायचं नसतं."

व्यापाऱ्याने तळहातावरची तंबाखू झोळीत झाडली. पिशवी टाकली, डबी टाकली.

"अरे, आता तू काय खाणार?" सोबत्याने विचारले.

"बुवांनी मागितली. नाही कसं म्हणू?"

"तेही खरंच. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणवत नाही," सोबती म्हणाला आणि बोलणे गुळाच्या भावाकडे वळले. आजाराचे कोणी पुन्हा विचारले नाही.

परतताना शिष्य म्हणाला, "गुरुजी, तुम्ही स्वतःचं हसं करून घेतलंत."

वैद्य ओढ्याच्या कठड्यावर टेकले. "आपल्याकडे माणसानं दारू सोडली तर त्याला हार घालतात. तंबाखू सोडली तर विचारतात, काय झालंय? त्याला तंबाखू प्यारी आहे, पण तिच्यापेक्षा ती गादी प्यारी आहे. तिथं तो चौघांसारखा असतो. उद्या त्यानं नको म्हटलं, तर चौघं कारण विचारणार. कारण काय सांगेल तो? विषाणूला आपण गोळीनं आवरलं. आता त्याला नेईल तर ही तंबाखू नेईल, हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर त्यालाही ठाऊक आहे. लाजेपायी तो तंबाखू धरून बसला होता. तू लाज वाढवलीस, तर त्यानं गोळीही सोडली. माझं काय, मला लोक दोन दिवस हसतील. म्हाताऱ्याला हसून लोक लवकर कंटाळतात."

आपले बोलणे अक्षरशः खरे होते आणि तरीही आपण एका माणसाला मरणाकडे ढकलत होतो, ही गोष्ट शिष्य वाटभर मनात घोळवत राहिला.

दिवेलागणीला मागच्या दारावर थाप पडली. दार शिष्याने उघडले. "शेठ, माझं चुकलं," तो म्हणाला. "चार लोकांत बोललो."

"लाज मला नवीन नाही, डॉक्टर," व्यापारी म्हणाला. "पण त्या दिवशी वाटलं, आता गोळीही नको." मग त्याने आपणहून दिव्याखाली तोंड उघडले. "हा डाग जाईल का?"

"तंबाखूला शिवला नाहीत तर जाण्याची आशा आहे. तरी एकदा मोठ्या दवाखान्यात तपासून घेऊ. मी येतो बरोबर." शिष्याने टेबलावर राहिलेली गोळ्यांची बाटली त्याच्या हाती ठेवली.

पुढच्या बाजारी वैद्य घरीच बसले. झोळी शिष्याच्या खांद्यावर होती. कासारीण ओरडली, "डॉक्टर, तुमीबी?" त्याचे कान तापले, पण या वेळी त्याने मान खाली घातली नाही. तो गुळाच्या दुकानापाशी आला आणि त्याने झोळी पसरली.

व्यापाऱ्याने सोबत्यांदेखत दोन्ही तळहात उघडून दाखवले. "माझ्याकडं नाही आता," तो मोठ्याने म्हणाला. "बुवांना देऊन टाकली."

आपल्याही घरीदारी कोणाची तंबाखू सोडवायची असेल, तर आधी त्याच्या हाती चारचौघांत सांगता येईल असे एखादे कारण द्यावे.