उंबरावरच्या टोप्या

त्या मुलखात घरटी पडत होती. सुगरण पक्ष्यांचा मुलूख. घर विणणं हाच तिथला धंदा आणि हाच अभिमान. तरी दर हंगामात आडवा वारा सुटला की निम्मी घरटी फांदीवरून निसटत आणि अंड्यांसकट पाण्यात जात. पक्षी चार दिवस रडत आणि पुन्हा तशीच घरटी बांधत.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वीच्या कारागिरांना एक गाठ येत होती. तिला वाऱ्याची गाठ म्हणत. ती येणारा शेवटचा नर कधी मेला, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

गाठ गेली तरी तिचा माग उरला होता. तिथली रीत अशी, की नरानं घरटं निम्मंच विणायचं, टोपीएवढं, आणि थांबायचं. मादी येऊन धागे ओढून बघायची. पसंत पडलं तर पुढचं पोट आणि नळी विणायची. नाही पडलं, तर ती टोपी तशीच सोडायची. कारागीर मेला की त्याच्या सोडलेल्या टोप्या त्याच्या झाडानं जपायच्या. पुरं घरटं देखणं असतं, पण ते आपली वीण पोटात झाकतं. टोपी उघडी असते. सुरुवात कुठून केली, कुठे चुकलं, कुठे धागा माघारी घेतला, सगळं दिसतं.

गोंदा हा बाभळीवरच्या टोप्यांचा म्हातारा राखणदार. तरुणपणी त्यानं नऊ टोप्या विणल्या आणि नऊही माद्यांनी नाकारल्या. मग तो मेलेल्यांच्या टोप्यांतली कीड वेचत बसला. त्याला विणता येत नव्हतं, पण दुसऱ्याची वीण वाचता येत होती. बाभळीच्या सर्वांत जुन्या टोपीत वाऱ्याच्या गाठीचा पहिला फेरा होता, आणि तिथेच काम थांबलेलं होतं. पुढचा पीळ विहिरीवरच्या शिंदीच्या टोपीत होता. शेवटचा आवळ नदीकाठच्या ताडावर. तिघा मित्रांनी ती गाठ मिळून बसवली होती. नंतर ते भांडले, तीन झाडांवर गेले आणि आपापला तुकडा घेऊन मेले. त्यांच्या वंशजांना भांडण नीट आठवत होतं. गाठ आठवत नव्हती.

गोंदाला घाई होती ती हौसासाठी. हौसा त्याच्या बहिणीची मुलगी. लागोपाठ दोन हंगाम तिचं घरटं पडलं होतं.

"मामा, यंदाही पडलं तर माझ्याच्यानं पुन्हा होणार नाही," ती म्हणाली.

गोंदा उठला आणि शिंदीवर गेला.

शिंदीचा मुखिया रायभान पिवळाधमक, छाती पुढे काढून बसलेला. "या गोंदाभाऊ! दहाव्या टोपीला जागा बघताय की काय?"

सगळी शिंदी हसली.

"हसून घ्या. मग सांगा, तुमची जुनी टोपी आमच्या टोपीशेजारी ठेवून बघू द्याल का?"

"आमची टोपी तुमच्या काट्यांत? आणि उद्या तुमची पोरं म्हणणार, गाठ बाभळीची!"

"कुणाची ते तुम्ही ठरवा. मला ती बांधलेली पाहिजे."

त्याला हाकलून दिलं. तो आठवड्यानं परत गेला. पुन्हा हाकललं, पुन्हा गेला. शेवटी टेकडीच्या कुशीतला उंबर ठरला. तो कुणाचाच नव्हता. पाण्यापासून लांब म्हणून तिथे कुणी घर करत नसे, पण वाराही लागत नसे. तिन्ही झाडांच्या टोप्या तिथे शेजारीशेजारी राहाव्यात, येईल त्यानं बघाव्यात, शिकाव्यात, असं ठरलं. पहिल्या दिवशी पहिलं भाषण रायभानचं, हेही ठरलं. त्याशिवाय शिंदी हलली नसती.

"फांदीसकट आणा," गोंदानं सगळ्यांना बजावलं. "गाठ फांदीवर असते. तिला चोच लावायची नाही." मग खारींची मनधरणी करून फांद्या कुरतडून घेतल्या, आणि उंबराच्या बेचक्यांत घट्ट बसवल्या.

ताड मात्र अडून बसला. गोंदा स्वतः तिकडे गेला आणि झावळीवर आठ दिवस बसून राहिला. खाणंही तिथेच, शिव्याही तिथेच. नवव्या दिवशी ताडाचे पक्षी कंटाळले. टोपी झावळीच्या तुकड्यासकट त्याच्या स्वाधीन केली, वाहायला चार तरुणही दिले. वाटेत गोंदा दोनदा उतरून तो शेवटचा आवळ बघत बसला. आता फक्त तिन्ही शेजारी ठेवायच्या होत्या.

तो उंबरावर आला तेव्हा तिथे एकही टोपी नव्हती. नीट विणलेली, गोल पोटाची, लांब नळीची घरटी लटकत होती.

"बघा, गोंदाभाऊ!" रायभान पुढे आला. "पाहुणे यायचे, आणि आपल्या थोरांची कामं अशी अर्धी, उघडीवाघडी लोंबायची? बरं दिसतं का? तिन्ही झाडांची पोरं एकदिलानं बसली. पुरी केली सगळी."

"फांदीवरची गाठ?"

"काळी पडली होती हो. तिच्यावर नवे तीन पदर घातले. छान झाकली."

"आणि दारं का शिवली?"

"कुणी आत शिरून नासधूस करील म्हणून."

त्यात कपट नव्हतं. अर्धी वीण दिसली की त्या पक्ष्यांची चोच शिवशिवते. स्वस्थ बसवत नाही. गोंदा बोलत होता तेवढ्यात दोघा तरुणांनी ताडाची टोपी अदबीनं त्याच्याकडून घेतली आणि एकानं तिच्यात हिरवा धागा ओवलाही.

गोंदा सर्वांत जुन्या घरट्यावर झेपावला आणि चोचीला आला तो पदर ओढला. विणलेलं उसवणं हा त्या मुलखात सर्वांत मोठा गुन्हा. चौघांनी त्याला टोचून खाली पाडलं. पंख मोडला.

हौसा धावत आली. "मामा, काय हे! किती सुरेख दिसतंय. मेलेल्यांना तरी पुरं घर मिळालं."

"हौसे, त्यात तुझी गाठ होती."

"मग मला बांधून दाखवा."

गोंदानं गवताचं पातं उचललं. पहिला फेरा टाकला. पीळ कुठल्या बाजूनं घ्यायचा, हे तिन्ही टोप्या एकत्र पाहिल्यावरच कळलं असतं. पातं चोचीतून सुटलं. हौसा उडून गेली.

महिन्याभरात वारा आला. बाभळीवर एक घरटं उरलं नाही. शिंदीवर दोन उरली, ताडावर एक, तेही फाटलेलं.

वारा पडल्यावर तिन्ही झाडांचे पक्षी उंबरावर जमले. तिथलं पानही हललं नव्हतं. घरटी जागच्या जागी होती. सगळे खाली बसून वर बघत राहिले. "याला म्हणतात काम," रायभान म्हणाला. माना डोलल्या. काही जण रडले.

हौसाच्या पोटात अजून एक अंडं होतं. ती सर्वांत जुन्या घरट्यापाशी गेली. नळीच्या तोंडाशी लोंबकळून तिनं आत जायची वाट शोधली. दुसऱ्या बाजूला गेली. पोटावरून, खालून, वरून चाचपलं. मग शेजारच्या घरट्याकडे वळली, मग त्याच्या शेजारच्या.

"ताई, चोच लावायची नाही," नवा राखणदार म्हणाला. सभ्यपणे म्हणाला.

गोंदा मोडका पंख ओढत मुळाशी बसला होता. त्यानं हौसाला खाली येताना पाहिलं. ती घरट्यांच्या सावलीत, उघड्या जमिनीवर बसली. थोड्या वेळानं उठली. ओलसर पांढरं अंडं मातीत पडलं होतं, आणि त्याच्याकडे मुंग्यांची रांग निघाली होती.

वर राखणदाराला एका घरट्याचा सुटलेला धागा दिसला. त्यानं तो हलकेच उचलला आणि आत खोचून टाकला.