कासवीची साक्ष

फार पूर्वी, नदीला माय म्हणून हाक मारीत त्या काळी, एका नदीकाठी रंगाचा मोठा हौद नांदत होता. तो आपले विषारी पाणी नदीत सोडू लागला आणि बघता बघता डोहातले सारे मासे मेले. उरली ती एकटी वृद्ध कासवी. तिच्या दृष्टीखाली वाढलेले ते मासे तर गेले. निदान काठावर येणारी पाडसे वाचावीत, म्हणून तिने खंड्या वकिलाचे पाय धरले.

खंड्या मनाचा सच्चा होता. तो म्हणाला, "आजी, मेलेल्यांना बोलता येत नाही. साक्षीला तुम्हीच उभ्या राहा."

गजराजांच्या न्यायसभेत कासवीने देवाचे नाव घेऊन सारे खरे सांगितले. मग हौदाची वकील साळुंकी मान लववून पुढे आली.

"आजीबाई, पाणी कुठले पिता?"

"ह्याच डोहातले, बाई. या वयात जाणार कुठे?"

"आणि प्रकृती?"

"देवाच्या कृपेने श्वास चालतो आहे."

"ऐकलेत, महाराज? हे पाणी नव्हे, अमृतच म्हणायचे!"

सभा हसली. कासवांची जात चिवट असते, हे खंड्या कळवळून सांगत राहिला. पण गजराजांनी हौदाला निर्दोष ठरवले.

दुसऱ्या दिवशी एक हरिणी तहानलेल्या पाडसाला घेऊन डोहावर आली. कासवी जीव तोडून ओरडली, "अगं, पाजू नकोस त्याला!"

"घाबरवता काय, आजी?" हरिणी प्रेमाने हसली. "तुमच्याकडे पाहूनच तर आणले त्याला."

आणि पाडसाने पाण्याला तोंड लावले.