झिपरोजीचा संघ

फार पूर्वी, जंगलात फुटबॉलचे सामने रंगत त्या काळी, झिपरोजी नावाच्या अस्वलाच्या मालकीचा एक संघ होता. नऊ वर्षं चषक हाती लागला नव्हता. संघ हरला की झिपरोजी चिडून कुणाला तरी हाकलून द्यायचा. या खेपेला प्रशिक्षक कासवाची पाळी आली.

तेव्हा गोलरक्षक वानर पुढे झाला. "मालक, चुकलं की हकालपट्टी ठरलेली. म्हणून चेंडू आला की आम्ही तो घाईघाईनं दुसऱ्याकडे ढकलतो. गोल मारायला कुणी धजतच नाही."

झिपरोजी वरमला. "कासवदादा, थांबा. यंदा हरलो तरी कुणीही जाणार नाही."

पहिले तीन सामने संघ हरला. तरी झिपरोजीनं शब्द पाळला. हळूहळू खेळाडूंची भीती गेली आणि संघ जिंकत जिंकत अंतिम सामन्यात पोचला.

तिथे संघातल्या सशाचा सोपा फटका हुकला. त्यानं घाबरून मालकाकडे पाहिलं.

"पुन्हा मार रे!" झिपरोजी ओरडला.

शेवटच्या मिनिटाला सशानं स्वतःहून चेंडू मागितला आणि थेट जाळ्यात धाडला.

जंगल दणाणलं. चषक घ्यायचं सोडून सगळा संघ झिपरोजीच्या दिशेनं सुटला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच खेळाडू त्याच्याकडे धावत येत होते.