शापातले अक्षर

एका राज्यात माघ वद्य तृतीयेला सकाळी दाट धुके होते आणि द्राक्षमळ्यांवर दव गोठले होते. त्या सकाळी राजकन्या कनकाई मनोरा चढून तिथे ठेवलेल्या, पूर्वी बोलणाऱ्या मैनेपाशी आली.

राजा वारला, तेव्हा थोरला राजपुत्र सिंहासनावर बसला आणि पाषाण झाला. धाकटा बसला, तोही पाषाण झाला. दोघांचे दगड उचलून दालनात बाजूला ठेवले. शाप त्यांच्या मांत्रिक काकाचा, धूमकेशाचा. तो स्वतः शेजारी चौरंगावर बसून राज्य हाकी. सिंहासन वर्षभर रिते राहिले तर राज्य कायमचे त्याचे. आणि ते वर्ष आज सूर्यास्ताला भरत होते. शापित आसनावर सात घंटा वाजेपर्यंत कुणी टिकले, तरच शाप सरणार होता.

शाप उच्चारला तेव्हा मैना दरबाराच्या तुळईवर होती. म्हणून काकाने तिची वाचा बांधली. ती सुटावी म्हणून कनकाईने दोन कामे केली होती: भिंत चढणाऱ्या झऱ्याचे पाणी आणले, बर्फात पिकलेला द्राक्षघड आणला. तो टिपताच मैनेची वाचा सुटली.

मैना बोलली, "तिसरे काम ऐकण्याचे. लोक मतलब सांगतात, मी अक्षर सांगते. शाप असा: 'जो या आसनी बैसेल, तो पाषाण होईल.' म्हणा."

"जो कोणी या आसनी..."

"'कोणी' तुमच्या पदरचे, बाईसाहेब!"

"जो या आसनी बसेल..."

"बैसेल!"

तिसऱ्या खेपेस तिने बिनचूक म्हटले. मग पहिल्याच शब्दाशी थबकली आणि हसली.

"मंत्राला मतलब कळतो?"

"नाही. अक्षर तेवढे कळते."

कनकाई दरबारात आली.

काका म्हणाला, "पोरी, दोन दगड झाले. तिसरा ठेवायला दालनात जागा नाही."

"काका, जो बैसेल त्याचे तुम्ही सांगितलेत. जी बैसेल तिचे राहिले."

ती बसली. पहिल्या घंटेला तळवे गार पडले. तिसऱ्या घंटेला तिने बोटे हलवून पाहिली, हलली. पाचव्या घंटेला थोरल्या भावाच्या दगडी ओठांवर लाली आली. सहावी झाली तसा काका चौरंगावरून उठून ओरडला, "जी या आसनी बैसेल, ती..."

सातवी घंटा झाली.

थोरल्याने डोळे उघडले. बहिणीला पाहून तो पायऱ्या चढला, गुडघे टेकले आणि त्या राज्याच्या रीतीप्रमाणे आपले जोडलेले हात तिच्या दोन्ही हातांत दिले.

"मी तुझा, महाराणी."

मागोमाग धाकट्याने हात दिले, मग प्रधानाने.

धूमकेशाला चौरंगासकट सीमेपार पोचवण्यात आले. थोरला सेनापती झाला, धाकटा द्राक्षमळे पाहू लागला. कनकाईने त्या आसनावरून एकतीस वर्षे राज्य केले.