न टेकवलेलं विमान

"...मग डिग्री हवीच कशाला, सर?"

शार्दूल इनामदारने हे विचारलं तेव्हा पेढ्यांचा पुडा अजून त्याच्या हातातच होता. कमर्शियल पायलटचं लायसन्स मिळाल्याचे पेढे. स्वारी जरा हवेतच होती.

साळगावकर सर हँगरच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. माळावरच्या या फ्लाइंग क्लबात आम्हा सगळ्यांना त्यांनीच उडायला शिकवलं. आज आमच्यातला कुणी विमान अलगद टेकवत असेल तर ते त्यांच्यामुळे. हे ऋण फिटायचं नाही आणि मला ते फेडायचंही नाही.

शार्दूलचं म्हणणं असं, की लायसन्सला बारावीचं फिजिक्स आणि गणित पुरतं. मग बीएस्सी अर्धवट सोडली तर बिघडलं कुठे? आई मात्र ऐकायला तयार नव्हती. महिनाभर मायलेकांत अबोला होता. परीक्षेला बसायचं की नाही, हे कॉलेजला आजच कळवायचं होतं.

"किती राहिलंय?" सरांनी विचारलं.

"दोन विषय. मागच्या वर्षी... गेले." त्याचा आवाज खाली आला. "आता ज्युनिअर पोरांच्या मांडीला मांडी लावून बसू, सर? मी?"

सरांनी एक पेढा तोंडात टाकला आणि ते उठले.

"चल, एक चक्कर मारून येऊ."

वारा आडवा होता. आम्ही सगळे खालून बघत होतो. उतरताना शार्दूलने विमान धावपट्टीवर आणलं, पण ते सारखं एका अंगाला सरकत होतं. चाकं टेकणार एवढ्यात त्याने इंजिनाचा जोर वाढवला, विमान पुन्हा वर नेलं आणि तो वळसा घेऊन आला. याला आम्ही गो-अराउंड म्हणतो. दुसऱ्या खेपेला मात्र झकास उतरवलं.

इंजिन बंद झालं. सर खाली उतरले आणि त्यांनी शार्दूलला हात जोडले.

"सुखरूप आणलंस. आभारी आहे."

ही त्यांची नेहमीची रीत. विद्यार्थी कितीही कच्चा असो, उतरल्यावर सर त्याचे आभार मानतात. पहिल्यांदा माझ्यापुढे हात जोडले तेव्हा मला रडूच आलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा का नाही टेकवलंस?"

"नीट बसत नव्हतं, सर. ओढूनताणून टेकवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"इथे सगळे बघत होते. लाज नाही वाटली?"

"त्यात लाज कसली, सर? नाही जमलं तर पुन्हा फिरून यायचं..."

तो मध्येच थांबला.

...

शार्दूल वाकला, सरांच्या पायांना हात लावला आणि तसाच खाली बघत म्हणाला, "म्हणजे डिग्री लागते, असंच ना, सर?"

"विमानाला नाही लागत." सरांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "पण वर वाटत नाही ती लाज जमिनीवर आल्यावर कुठून येते, तेवढं मला शिकव."