नळीवरचा हात

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराआडच्या एका राज्यात अर्क काढणारा एक अर्क्या, त्याची बायको आणि खाट धरलेली त्याची म्हातारी आई अशी तीन माणसं राहत होती. हंड्यात फुलं-पाला उकळायचा, वाफ बांबूच्या नळीतून गार मडक्यात उतरवायची, हाच त्यांचा धंदा.

एकदा काय झालं, राजपुत्राच्या पायाची जखम चिघळली. वैद्य म्हणाले, "मोहाच्या कडक अर्कानं धुतली तरच पाय वाचेल." तसा अर्क राज्यात एकाच घरी होता. ह्यांच्या!

शिपाई दारात आला नि अर्क्याची गाळण उडाली. घाईघाईत त्यानं अर्क न्यायच्या मडक्यात ओतला. पण ते मडकं रिकामं कुठं होतं? त्यात ओव्याचं पाणी होतं, वर तेलाचा तवंग. झाला सगळा काला!

शिपाई गुरकावला, "दिवस मावळायच्या आत चोख अर्क दे. नाहीतर ज्या हातानं ओतलंस, तो हात राहायचा नाही."

अर्क्यानं काला हंड्यात घातला, झाकणाला कणीक लिंपली, चुलीत लाकडं कोंबली. हंडा भसाभसा उकळला, मडकं झरझर भरलं. चोख अर्क पेट घेतो, म्हणून पारख करायला त्यात कापूस बुडवून पेटवला, तर चुरचुरला नि विझला. पाणी, तेल, अर्क, सगळं एकदमच आलं होतं. ऊन कलायला लागलं.

आई खाटेवरून ओरडली, "मेल्या, लग्नाची पंगत बसलीय का एवढा जाळ घालायला? मोह हलका, तो मंद आचेवर आधी निघतो. पाणी मागाहून. आणि तेल येतं पाण्याच्या वाफेच्या पाठुंगळी बसून. नळीवर हात ठेव. चटका बसला की पाणी आलं म्हणून समज!"

काला पुन्हा हंड्यात गेला. बायकोनं लाकडं मागं ओढली. म्हणाली, "अहो, चूल मी बघते. हात तुमचा जायचाय, तर नळीवरही तुमचाच असू दे."

एक थेंब पडला. मग दुसरा. शिपाई तलवारीच्या मुठीशी चाळा करत उभा. सूर्य डोंगराला टेकला.

"भाजलं गं!" अर्क्या ओरडला. बायकोनं झटकन मडकं काढलं.

"अगं, अर्धंसुद्धा नाही भरलं! आणखी थोडं येऊ दे की!"

"आणखी थोड्याच्या पायी आहे तेही नासेल," ती म्हणाली आणि तिनं कापूस पेटवला. ओव्याचा वास किंचित आला, पण ज्योत निळीशार उभी राहिली. शिपाई मडकं घेऊन धावत सुटला.

मग तिनं जाळ वाढवला. दुसऱ्या मडक्यात पाणी उतरलं, निवल्यावर वर तेल तरंगलं. ते तिनं शिंपल्यानं अलगद उचललं.

राजपुत्राचा पाय वाचला. राजानं मोहाची अख्खी राई अर्क्याला बक्षीस दिली. ओव्याचं तेल चोळून चोळून म्हातारीचे गुडघे सुटले नि ती राईत मोह वेचायला सर्वांच्या पुढं चालू लागली. त्या घरात पुढं कशाला म्हणून उणं पडलं नाही.

बाळांनो, आच मंद ठेवावी आणि चटका बसताच थांबावं. हाव धरली की हाती आलेलं चोखही गढूळ होतं.