भिवराईची वेणी

पळसओहळाला अजून गाडीवाटही नव्हती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट.

भिवराई नावाची एक बाई तेव्हा गावोगाव फिरायची. "केस द्या, सुया घ्या!" ही तिची हाक. विंचरताना निघालेलं गुंतवळ बायका भिंतीच्या खोबणीत साठवत. ते घेऊन ती सुया आणि मणी देई. तिची स्वतःची वेणी पोटरीपर्यंत पोचायची. गुंतवळ हातात घेतलं की त्या घरात कोण आजारी, कोण अर्धपोटी, हे तिला कळायचं, असं म्हणतात.

एका श्रावणात गावात तापाची साथ आली. ताप गेला, माणसं शेतात परतली, आणि सुगीच्या सुमारास बायकांचे केस मुठीमुठीनं गळू लागले. नेमकी तेव्हाच भिवराई आली.

"हिनंच करणी केली," लोक म्हणाले.

सगळ्यांत जास्त केस गेले अनशीचे. तापाच्या दिवसांतच ती बाळंत झाली होती. आता तिची टाळू दिसू लागली. सासू ठकूबाईनं ठरवलं, ही अवदसा माहेरी धाडायची, नातू मात्र इथंच ठेवायचा.

लोकांनी भिवराईला लिंबाखाली आणलं. तिनं अनशीकडे पाहिलं.

"केस तापानं नेले, बाळंतपणानं नेले. माणूस उठून कामाला लागतं, पण अंगाची झीज केसांत मागाहून दिसते. येतील परत. ही जेवते कधी, ठकूबाई?"

"सगळ्यांचं झालं की."

"तेव्हा उरतं काय?"

ठकूबाईनं मान दुसरीकडे फिरवली.

"आधी हिला वाढा. डाळ, पालेभाजी, दूध."

टकले पाटील म्हणाले, "मग मलाही आधी वाढा की!"

"तुम्ही आधीच जेवता, पाटील. तुमचं टक्कल वडिलांकडून आलंय. तिथं माझा इलाज नाही."

लोक हसले. ठकूबाई हसली नाही. "बोलायला तुझं काय जातंय? नाही आले म्हणजे?"

भिवराईनं विळा मागितला, आपली वेणी मानेपासून कापली आणि लिंबाच्या फांदीला बांधली.

"नाही आले तर ही जाळा, मला शिवेत पाय ठेवू देऊ नका. पण तोवर लेकराला आईपासून तोडू नका."

ठकूबाई रोज आधी सुनेला वाढू लागली. सुरुवातीला ताट आदळून, मग नुसतंच ठेवून, मग समोर बसून. शिमग्याच्या आसपास सुनेच्या डोक्याला तेल लावताना तिच्या बोटांना बारीक, राठ लव टोचली. ती तशीच तेलकट हातांनी लिंबाकडे धावली. वेणी वाढून मातीला टेकली होती, असं म्हणतात. फांदीच वाकली असेल, असंही कुणी म्हणेल. मला त्यातलं काही खात्रीनं सांगता येत नाही.

भिवराई मात्र पुन्हा आली नाही. ठकूबाईनं तिची फार वाट पाहिली.

पळसओहळात आजही बाळंतिणीचं जेवण झाल्याशिवाय घरात दुसरं कुणी पानावर बसत नाही. तिचं गुंतवळ लिंबाला बांधतात. आणि ताट वाढताना सासू हळूच म्हणते, "भिवराई, बघ गं, आधी हिला वाढलं."